उजव्या हाताची फळी

मित्रांनो, मला पाहायला आलात तर तुम्ही दारातूनच म्हणाल, हे तर नवं कोरं विमान आहे. माझा लाल रंग असा चकाकतो की त्यात तुम्हाला आपले दात मोजता येतील. पण फसू नका. मी तुमच्या आजोबांच्या वयाचा आहे. मी शर्यतीचं विमान आहे, लाकडाचं आणि कापडाचं, एका माणसाला जेमतेम पोटात घेणारं. आमच्या काळी मोकळ्या माळावर उंच पट्टेरी खांब रोवत, आणि ते डाव्या हाताला ठेवून आम्ही गरगर वळसे घालत असू, इतक्या खालून की गवत आडवं व्हायचं. लोक माना वळवून वळवून दमत. आता त्या शर्यती नाहीत, ते खांबही नाहीत. मी आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. तो एका सुताराच्या कामाच्या खोलीत झाला, दोन कपाटं आणि एका पाळण्याच्या मधल्या जागेत. कपाटं गिऱ्हाइकांची होती, पाळणाही गिऱ्हाइकाचाच. मी कुणीच मागितलेला नव्हतो, म्हणून माझी पाळी सगळ्यांत शेवटी यायची. दिवसाचं काम उरकलं की सुतार हात स्वच्छ धुवायचा, आणि मग तेच हात पुन्हा मळवायला माझ्याकडे यायचा.

त्याला एक धाकटी बहीण होती. आईवडील लवकर गेले, म्हणून त्यानेच तिला वाढवलं. वेण्यासुद्धा त्यानेच घातल्या, आणि त्या म्हणे शेवटपर्यंत एक वर एक खाली अशाच राहिल्या. तो तिला छोटी म्हणायचा, ती त्याला दादा. दुसऱ्यांच्या विमानांची इंजिनं पुसून देता देता छोटी उडायला शिकली होती. दादाला मात्र शिडीच्या चौथ्या पायरीवर गरगरायचं. जन्मात तो कधी उडाला नाही. पण बहिणीला उडायचंच आहे, तर निदान दुसऱ्याने ठोकलेल्या खोक्यात नको, एवढं त्याने ठरवलं होतं.

हलकं, सरळ रेघांचं लाकूड त्याने निवडून आणलं. माझी एकेक फासळी त्याने रंध्याने एवढी पातळ केली की दिव्यासमोर धरली तर कडेने उजेड झिरपायचा. माझ्या पंखांवर त्याने कापड ताणलं, त्यावर लेप दिला, आणि तो वाळेपर्यंत कुणाला खोलीत शिंकूसुद्धा दिलं नाही. शेजारी डोकावून जायचे.

“हे उडणार आहे, का यात कपडे ठेवायचेत?” एकाने विचारलं.

“आधी उडेल,” दादा म्हणाला. “नाही उडालं तर कपडे.”

तेव्हापासून मी ‘उडतं कपाट’ झालो. शर्यतीच्या माळावर हेच नाव माझ्याआधी जाऊन पोचलेलं होतं.

मित्रांनो, आता तुम्हाला माझ्या उजव्या हाताच्या फळीबद्दल सांगायला हवं, कारण माझी गोष्ट तिच्याबद्दलच आहे. चालवणाऱ्याच्या बैठकीत बसलं की उजव्या कोपराशी एक साधी, वीतभर रुंद फळी होती. दादाला बोलणं जमत नसे. दिवसभर तोंडात खिळे धरायची सवय. खिळे काढल्यावरही तोंड तसंच मिटलेलं. पण कानामागे एक चपटी पेन्सिल असायची. शर्यत झाली, गर्दी पांगली की तो माझ्यात येऊन बसायचा, विमान जमिनीवर असल्याची एकदा खात्री करून घ्यायचा, आणि त्या फळीवर लिहायचा. वारा कुठला होता, फेरीला किती वेळ लागला, आणि शेवटी छोटीसाठी एखादी ओळ.

तुम्ही एक खेळ खेळता ना, एकाने दुसऱ्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढायचं आणि दुसऱ्याने न बघता ओळखायचं? मला तो खेळ तिथे कळला. स्वतःची फळी मला दिसत नाही. फक्त पेन्सिल फिरलेली कळते, आणि मला अक्षरं कधी नीट ओळखता आली नाहीत. पण पुढच्या शर्यतीला निघताना छोटी बैठकीत बसायची, पट्टा आवळायची आणि दादाची ओळ मोठ्याने वाचायची. तेव्हा मला माझ्या अंगावर काय लिहिलंय ते समजायचं.

“वारा पूर्वेचा. चौथ्या फेरीला खांबाला फार लागून गेलीस. जेवून झोप.”

“बरं, म्हातारबा,” ती म्हणायची. दादा तेव्हा तिशीचाही नव्हता.

एकदा माझ्या नाकावरचा पंखा बदलून त्याने लिहिलं होतं, “पंखा बदललाय. आता कुरकुर करू नकोस.” ही ओळ तिला उद्देशून होती की मला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही पहिले आलो. फोटो निघाले, टोप्या उडाल्या, मला लोकांनी थापटून थापटून जवळजवळ बधिर केलं. त्या संध्याकाळी दादाने लिहिलं, “आज कपाट पहिलं आलं. हसणाऱ्यांना सांग, हवी तर दारंही लावून देईन.” पुढच्या शर्यतीला छोटी ते वाचून इतकी हसली की निशाण पडलं तरी तिचा हात इंजिनाकडे गेला नाही, आणि त्या शर्यतीत आम्ही शेवटून दुसरे आलो.

त्यानंतर दोन वर्षांनी आमची शेवटची शर्यत झाली. ती शेवटची आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. वारा आडवा होता. शेवटच्या फेरीत पुढच्याला गाठायला छोटीने मला खांबाच्या इतकं जवळून वळवलं की माझ्या डाव्या पंखातली एक फासळी कडकन गेली. आम्ही दुसरे आलो. छोटी हसत खाली उतरली. दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो सरळ माझ्या पंखावरून हात फिरवत गेला, आणि हात एका जागी थांबला.

“मेली असतीस,” तो म्हणाला.

“नाही ना मेले.”

“फासळी गेलीय. इथं हात लावून बघ. आणखी दोन बोटं, आणि...”

“तुला लाकडाचीच पडलीय. एवढे सगळे मागे टाकून दुसरी आले मी, ते नाही दिसलं तुला?”

दादा पंखाशीच उभा होता. त्याचा हात अजून माझ्या पंखावर होता, आणि मित्रांनो, तो फासळीला असा धरून होता की जणू सोडला तर छोटीच खाली पडेल. पण ते मला कळत होतं, छोटीला दिसत नव्हतं.

“बोल की,” ती म्हणाली. “नाही बोलणार. मग जा, लिही तुझ्या फळीवर. मी नाही वाचणार.”

ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, माळावर कुणी नसताना, दादा माझ्यात येऊन बसला. एरवी त्याला दोन मिनिटं लागायची. त्या दिवशी ऊन माझ्या शेपटीवरून नाकापर्यंत आलं तरी तो लिहीत होता. पेन्सिल इतकी जोरात टेकली की टोक मोडलं. त्याने ते पटाशीने पुन्हा काढलं. एक शब्द लिहिला, तो खोडला, पुन्हा काहीतरी लिहिलं. सगळ्यात खाली एक लहानसा शब्द, अगदी हळू. मग तो फळीवर तळवा ठेवून थोडा वेळ बसला. ताप उतरला का हे बघायला लेकराच्या कपाळावर ठेवतात, तसा.

छोटी ते वाचायला आली नाही. महिन्याभरात ती दूरच्या गावी नोकरीला गेली. दादाने माझी फासळी दुरुस्त केली, दोन वर्षं मला झाकून ठेवलं, आणि मग कुणी उडवणारच नाही म्हटल्यावर मला दुसऱ्या एका माणसाला देऊन टाकलं.

तो माणूस माझ्या शेपटीला साबणाच्या जाहिरातीचं लांबलचक कापड बांधून गावावरून हिंडायचा. ज्याने शर्यत जिंकली त्याने साबण ओढायचा. असो. दमट हवेने लाकूड कुजू नये म्हणून त्याने मला आतून जाड काळं रोगण फासलं. मी फार घाबरलो होतो. पण रोगण वरच्यावर बसलं आणि दादाची अक्षरं त्याखाली तशीच राहिली, पांघरुणाखाली मुलं झोपावीत तशी. पुढे कापड ओढण्याचंही कुणाला कौतुक राहिलं नाही. मला एका शेडमध्ये लोटलं गेलं. पंखांचं कापड फाटलं, बैठकीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. किती वर्षं, ते मी मोजलं नाही. मला एवढंच पुरेसं होतं की फळी शाबूत आहे. कधीतरी छोटी येईल, रोगण खरवडेल आणि वाचेल. मलाही तेव्हाच कळेल.

छोटीच्या आधी तीन वेडे लोक आले.

एक होते निवृत्त घड्याळजी, ज्यांच्या खिशात नेहमी सहा स्क्रू आणि एक लिमलेटची गोळी असायची. दुसऱ्या म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, ज्यांच्या हातात कायम एक जाड वही. तिसरा एक रंगारी, दोन लहान मुलींचा बाप, ज्याचा हात इतका हलका की माझ्यावर माशी बसलीय की त्याचा ब्रश, ते कळू नये. जुन्या शर्यतीच्या विमानांचा इतिहास जपायचा, या एकाच नादाने ते एकत्र आले होते. फोटो, तिकिटं, वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या, मिळेल ते गोळा करायचे. स्वतःला ते ‘वळसा मंडळ’ म्हणवत. घड्याळजींच्या बायकोने त्याचं ‘वळवळ मंडळ’ करून टाकलं होतं.

त्यांनी मला कोंबड्यांच्या तावडीतून सोडवलं आणि एका रिकाम्या गोदामात आणलं. दर रविवारी ते यायचे. मित्रांनो, माझी अशी देखभाल दादानंतर कुणी केली नव्हती. त्यांच्या कामाची एक रीत होती: कुणी एकट्याने हात लावायचा नाही. एकाने काम करायचं, दुसऱ्याने बघायचं, आणि बाईंनी वहीत लिहायचं. काही काढण्याआधी त्याचा फोटो घ्यायचा. आणि सगळ्यांत वरचा नियम वहीच्या पहिल्या पानावर होता. विमान जिंकलं त्या दिवशी जसं होतं तसंच दिसलं पाहिजे. त्या दिवसानंतर अंगावर आलेलं काहीही ठेवायचं नाही.

ते हा नियम देवाच्या शब्दासारखा पाळत. नंतर लावलेला स्क्रू निघाला की घड्याळजी तो चिमट्यात धरून विचारायचे, “बाई, हा त्या दिवशी होता का?”

“नव्हता.”

“मग चल बाबा, तुझं इथं काय काम.”

असे पाच वर्षांचे रविवार गेले. माझ्याबद्दल वर्तमानपत्रात फोटोसकट छापून आलं. आणि एका दुपारी बाई वही छातीशी धरून धावतच गोदामात आल्या.

“ती आहे,” त्या म्हणाल्या. “हयात आहे. पत्र आलंय तिचं. मी फोनवर बोलले.”

“कोण?” रंगारी म्हणाला.

“कोण काय, चालवणारी. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आजी. येणार आहेत. आजपासून चौथ्या रविवारी, त्यांच्या नात्यातल्या एका भाच्याला सुट्टी आहे तेव्हा. मी म्हटलं, आजी, तुमच्यासाठी काय करू? तर म्हणाल्या, काही नको गं, मला फक्त एकदा आत बसायचंय.”

मला त्या वेळी पंखा असता तर तो आपोआप फिरला असता.

पण त्या तिघांनी एकदम माझ्या आत डोकावून पाहिलं. बाहेरून मी आरसा झालो होतो. आतून अजून काळाकुट्ट होतो. बैठकीचा भाग त्यांनी शेवटी ठेवला होता.

“हे असं दाखवणार आपण त्यांना?” घड्याळजी म्हणाले.

“शक्यच नाही,” रंगारी म्हणाला. “पुढच्याच रविवारी आतून साफ करतो. आजी बसतील तेव्हा त्यांना वाटलं पाहिजे, कालच उतरले होते.”

मित्रांनो, त्याच्या मनात फक्त माया होती. तो रविवारी सकाळीच आला. बाईंनी काळ्या फळीचा फोटो घेतला. त्याने रोगण मऊ करून काढलं, आणि मग पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, रेघांच्या दिशेने, एकसारख्या दाबाने घासायला सुरुवात केली. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. मी फक्त एक करकर आवाज केला.

त्याचा हात एकदा थांबला.

“बाई, इथं कसलंसं लिहिल्यासारखं दिसतंय. पेन्सिलीचं.”

बाई चष्मा सावरत वाकल्या. रोगणाचा लगदा पसरलेला, त्यात करड्या रेघा. “कुणीतरी नंतर केलेली खरड असेल. मापं वगैरे. त्या दिवशी असं काही असणार नाही, जिंकलेल्या विमानात कोण कशाला खरडेल?”

“मग काढू?”

“काढा.”

बाईंनी वहीत लिहिलं: उजवी फळी. काळी, घाण. घासून स्वच्छ केली. अर्धा तास.

छोटी आली तेव्हा तिच्या हातात काठी होती. वेणी एकच होती, पांढरी. मी तिला ओळखलं ते तिच्या चढण्यावरून. आधी डावा पाय, मग एक क्षण थांबणं, मग सगळं अंग एकदम. भाच्याने आधार दिला तर तिने त्याला कोपराने बाजूला केलं. बसली. मुठीत दांडा धरला. तिघं बाहेर उभी राहून अशी हसत होती, जशी घरात बक्षीस घेऊन आलेली मुलं.

मग तिने मान उजवीकडे वळवली.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग फळीवर तळवा ठेवला आणि वरून खाली फिरवला. लाकूड गुळगुळीत होतं. इतकं गुळगुळीत ते मला बनवलं त्या दिवशीही नव्हतं.

“इथं लिहिलेलं होतं,” ती म्हणाली.

घड्याळजींनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी वहीकडे.

“दादाचं होतं. प्रत्येक शर्यतीचं. शेवटचं तेवढं मी वाचलं नव्हतं.” ती फळीकडेच बघत बोलत होती. “जाताना त्याने निरोप ठेवला होता माझ्यासाठी. विमान सापडलं तर आत बघ म्हणून. मी पोचेपर्यंत तो गेला. मग मी तुम्हाला शोधत बसले. म्हणजे ह्याला.”

रंगाऱ्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. छोटी त्याच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. आशा होती, आणि ते जास्त वाईट होतं.

“तुम्ही घासलंत ना? मग तुम्ही वाचलं असेल. काय होतं?”

“नाही वाचलं, आजी.”

“एखादा शब्द?”

त्याने डोळे मिटले. त्याने खरोखर प्रयत्न केला. मीही त्याच्याबरोबर केला, पेन्सिलीचा एकेक फटका आठवून बघितला. “एक शब्द खोडलेला होता,” तो म्हणाला. “खाली कुठंतरी. आणखी नाही दिसलं. मला वाटलं, कुणाची तरी मापं आहेत.”

“खोडलेला,” छोटी म्हणाली. “दादा खोडत नसे कधी.”

त्यांनी बाईंच्या कॅमेऱ्यातला फोटो काढून पाहिला. मोठा केला, आणखी मोठा केला. काळं, आणि आणखी मोठं काळं. रंगारी गोदामाच्या मागे जाऊन कचऱ्याच्या पोत्यातून पॉलिश पेपरचे तुकडे घेऊन आला. ते त्याने दोन्ही हातांत धरून तिच्यापुढे केले. त्यात करड्या रंगाची भुकटी होती, लाकडाची, रोगणाची आणि पेन्सिलीची. छोटीने त्यातलं काही घेतलं नाही. तिने फक्त त्याची बोटं मिटवून दिली.

“आठवतात त्या ओळी तरी तुम्ही लिहा ना, आजी,” बाई रडत म्हणाल्या. “आम्ही जपू.”

“माझं अक्षर त्याचं नाही, बाई. आणि जी हवी ती मला ठाऊक नाही.” मग ती रंगाऱ्याला म्हणाली, “काम चांगलं केलंयस. दादाने हात फिरवून बघितला असता.”

हे ती खरंच म्हणाली. तिला कुणाला दुखवायचं नव्हतं. पण उतरताना तिने कोपर मारलं नाही. भाच्याने उचलून घेतलं आणि तिने घेऊ दिलं. ती पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी भाच्याचं पत्र आलं. बाईंनी ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर थांबल्या.

मला आता मोठ्या दालनात ठेवलं आहे. मला बक्षीसही मिळालं, उत्तम जतन केल्याबद्दल. घड्याळजी घ्यायला गेले नाहीत, बाईही नाहीत. रंगारी अजून कधीमधी येतो. एकदा तो माझ्यात बसला, खिशातून पेन्सिल काढली, फळीजवळ नेली, आणि बराच वेळ तशीच धरून मग खिशात घातली.

मित्रांनो, मला काही फार शहाणपण नाही. माझ्याकडे तुम्हाला द्यायला एवढंच आहे. तुमच्याही घरात कुठेतरी, कपाटाच्या दाराच्या आत, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, भिंतीवर, कुणीतरी काहीतरी लिहिलेलं असेल. ते घाण दिसेल, खरड वाटेल. घासण्याआधी वाचा. वाचता येत नसेल, तर ज्याला येतं त्याला बोलवा, आणि तो येईपर्यंत हात आवरा. ती तिघं चांगली माणसं होती. माझ्यावर त्यांनी पाच वर्षं जीव लावला. त्यांनी आणखी फक्त तीन रविवार थांबायला हवं होतं.